दहाचे तीन

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण अगदीच साधं आहे. ऐन पावसाळ्यात सोसायटीच्या ओल्या जिन्यावरून घसरलो. पायऱ्या फक्त तीन, पण उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन झालं, तार घातली, आणि सहा आठवडे पाय सरळ ठेवून पट्ट्यांच्या ब्रेसमध्ये. (ज्या नातेवाईकांना हे आत्ता कळतंय त्यांनी लगेच फोन करू नये. बरा आहे. :) )

ब्रेस निघाला त्या दिवशी मी पहिल्यांदा माझी मांडी नीट पाहिली. डावी माझी होती, उजवी दुसऱ्याच कुणाचीतरी वाटत होती. टेपने मोजली तर चार सेंटिमीटरचा फरक. मी सात-आठ वर्षं नेमाने जिमला जाणारा माणूस. खांद्यावर साठ किलोचा बार घेऊन बैठका मारायचो, आणि त्याचा थोडा (खरं तर बराच) गर्वही होता. आता पलंगावर पडून पाय वीतभर वर उचलायचा, तर मेंदू हुकूम सोडतोय आणि मांडी ऐकतच नाहीये. दुखत होतं म्हणून नव्हे. नुसती ऐकत नव्हती.

फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या निम्म्या वयाची. तिने समजावलं की गुडघ्याला मार लागून आत पाणी साठलं, की सांध्याकडून निघालेले संदेश मांडीच्या पुढच्या स्नायूला दाबून टाकतात. शरीर स्वतःच तो स्नायू जवळजवळ बंद करतं. त्यात सहा आठवडे वापर नाही. म्हणजे स्नायू दोन बाजूंनी खचतो. काही आठवड्यांनी तिने घोट्याला वजनाची पट्टी बांधली आणि म्हणाली, "काका, दहाचे तीन सेट."

"दहाच का? आणि तीनच का?"

"सगळे तेवढेच करतात, काका."

जिममध्येही गेली सात-आठ वर्षं हेच ऐकत होतो. दहाचे तीन. जणू वेदांत लिहिलंय. घरी बसून दुसरं काम नव्हतंच, म्हणून म्हटलं बघूया हे आलं कुठून. शोधत शोधत पोचलो शिकागोत, एका हॉटेलात.

* * *

शिकागोच्या तळ्याकाठी 'शिकागो बीच हॉटेल' नावाचं मोठं हॉटेल होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्कराने ते ताब्यात घेतलं आणि तिथे गार्डिनर जनरल हॉस्पिटल सुरू केलं. रूथ गार्डिनर ही लष्करातली परिचारिका १९४३ साली अलास्कात विमान अपघातात गेली, तिचं नाव या हॉस्पिटलला दिलं.

युद्धाच्या शेवटच्या वर्षांत अशा हॉस्पिटलांपुढे एक वेगळाच प्रश्न होता. मांडीचं हाड मोडलेले, गुडघा फुटलेले सैनिक शेकड्यांनी येत होते. शस्त्रक्रिया चांगल्या होत होत्या, हाडं जुळत होती, पण माणसं घरी जात नव्हती. कारण पायात ताकद येत नव्हती. खाटा अडून राहिल्या होत्या. तेव्हाची रीत अशी की आधी भरपूर विश्रांती, आणि मग हलका व्यायाम. सायकलसारखं यंत्र चालवा, जिने चढा, पाय हलवत राहा. वजन जवळजवळ नाही, आवर्तनं मात्र भरपूर. महिनोन् महिने.

या हॉस्पिटलात थॉमस डिलॉर्म नावाचा एक तरुण डॉक्टर आला. मूळचा अलाबामाचा. याची गोष्ट मला फार आवडली. किशोरवयात त्याला संधिवाताचा ताप (र्‍हुमॅटिक फीवर) झाला होता. हा ताप हृदयाच्या झडपा खराब करतो. पोरगा अंथरुणाला खिळला, आणि उठल्यावर सल्ला मिळाला तो त्या काळी सगळ्यांना मिळायचा तोच, जपून राहायचं. पण अंथरुणात पडल्यापडल्या त्याने व्यायामाची मासिकं वाचली होती. उठल्यावर तो वजनं उचलायला लागला. मेला नाही. उलट चांगला दणकट झाला, आणि पुढे डॉक्टर झाला.

तेव्हाच्या बहुतेक डॉक्टरांच्या मते वजनं उचलणं हा सर्कशीतल्या पैलवानांचा धंदा. त्याने हृदय मोठं होतं, सांधे आखडतात, माणूस जखडल्यासारखा होतो, असा पक्का समज. आणि इथे लष्करी गणवेशातला एक डॉक्टर नुकत्याच जुळलेल्या पायांवर वजन चढवू म्हणतोय! त्याच्याकडे पुरावा होता तो एकच, तो स्वतः.

त्याने लोखंडाचा बूट वापरला. पायात घालायचा, खाली आडवी दांडी, दांडीवर हवी तेवढी वजनं अडकवायची. रुग्णाने टेबलाच्या कडेला बसायचं, पाय खाली सोडायचा आणि गुडघ्यातून हळूहळू सरळ करायचा. अगदी साधं. (माझ्या घोट्याची पट्टी ही त्या बुटाची नात.)

पण खरी करामत बुटात नव्हती, मोजण्यात होती. डिलॉर्म म्हणाला, वजन किती हे मी ठरवणार नाही, पुस्तक ठरवणार नाही, रुग्णाचा स्नायू ठरवेल. जे वजन बरोब्बर दहा वेळा उचलता येतं आणि अकराव्यांदा काही केल्या उचलत नाही, ते आजचं वजन. आठवड्याने पुन्हा मोजायचं. ताकद वाढली असेल तर वजन वाढेल. नसेल वाढली तर नाही वाढणार.

१९४५ साली त्याने हे हाडांच्या शस्त्रक्रियेच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात लिहिलं. मुद्दा दोन वाक्यांत सांगता येतो. जास्त वजन आणि कमी आवर्तनं यांनी ताकद येते. कमी वजन आणि खूप आवर्तनं यांनी दमसास येतो. दोन्ही चांगले, पण एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. म्हणजे ते सैनिक महिनोन् महिने सायकल मारत होते ते वाया गेलं असं नाही, पण त्यांना हवं होतं ते त्यातून मिळणार नव्हतं.

हे वाचताना मला मिलोची गोष्ट आठवली. प्राचीन ग्रीसमधला क्रोटोनचा पैलवान. वासरू रोज खांद्यावर उचलायचा, वासराचा बैल झाला तरी उचलतच राहिला, अशी दंतकथा. आपल्या तालमीतही नवख्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी शंभर जोर मारायला लावत नाहीत. आकडा चढत जातो. म्हणजे वाढत्या भाराची कल्पना जुनीच. डिलॉर्मने काय केलं, तर ती धडधाकट माणसाकडून उचलून मोडलेल्या माणसाकडे आणली, आणि तिला मोजमाप दिलं.

* * *

आता 'दहाचे तीन'.

सुरुवातीला डिलॉर्म दहाचे तीन नव्हे, दहाचे सात ते दहा सेट करून घ्यायचा! म्हणजे सत्तर ते शंभर वेळा. रोज, आठवड्यातले पाच दिवस. युद्ध संपल्यावर तो बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये गेला. तिथे आर्थर वॉटकिन्स या डॉक्टरबरोबर काम करताना लक्षात आलं की एवढं लागतच नाही. वीस-तीस आवर्तनांत काम होतं, उलट जास्तच चांगलं होतं. १९४८ साली दोघांनी सुधारलेली पद्धत छापली. पहिले दहा अर्ध्या वजनाने, दुसरे दहा पाऊण वजनाने आणि शेवटचे दहा पूर्ण वजनाने.

हेच ते. दहाचे तीन.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की त्याने स्वतःचा आकडा खाली आणला. आधी छापलेलं, गाजलेलं, लोकांनी स्वीकारलेलं. तरी तीन वर्षांत सरळ सांगितलं की आम्ही जास्त करून घेत होतो. नावही बदललं. आधी 'भारी प्रतिकाराचा व्यायाम' म्हणायचे, आता 'चढत्या प्रतिकाराचा व्यायाम' झाला. या एका शब्दात मला तरी सगळं आलं असं वाटतं. वजन भारी आहे का हा प्रश्नच नाही, चढतंय का हा आहे.

मग त्यावर लोकांनी आपापल्या परीने कलमं केली. १९५१ साली ऑक्सफर्डच्या झिनोवीफ या डॉक्टरने क्रम उलटा केला. त्याचं म्हणणं, दमलेल्या स्नायूला शेवटी सगळ्यात मोठं वजन का द्यायचं? आधी मोठं द्या, मग उतरत जा. तर्क बरोबर आहे, पण माझ्यासारख्याचा आखडलेला गुडघा सकाळी सकाळी थेट पूर्ण वजन घ्यायला तयार नसतो, त्यामुळे मी आपला डिलॉर्मच्या पक्षात. पुढे १९७९ साली केनेथ नाईट याने आठवड्याची वाट पाहणंच काढून टाकलं. त्याच्या पद्धतीत तिसऱ्या सेटला जमतील तेवढी आवर्तनं करायची, किती जमली त्यावरून चौथ्या सेटचं वजन ठरवायचं, आणि चौथ्या सेटला किती जमली त्यावरून पुढच्या दिवसाचं. म्हणजे गुडघा रोजच्या रोज स्वतःचा निकाल लावतो.

* * *

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, मग काय, चढवा वजनं! तिथेच थांबा. ही गोष्ट दोन बाजूंची आहे.

विश्रांतीचा धोका आता पुरेसा कळलेला आहे. १९४७ साली रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टरने अंथरुणात पडून राहण्याच्या दुष्परिणामांवर एक खुसखुशीत पण जहाल लेख लिहिला. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं आणि त्यांची क्षमता मोजली. तीस वर्षांनी, १९९६ साली, तेच पाच जण पुन्हा तपासले. विशीत तीन आठवडे पडून राहिल्याने त्यांची श्रम करण्याची क्षमता जेवढी घटली होती, तेवढी त्यानंतरच्या तीस वर्षांच्या वयानेही घटली नव्हती! हे वाचून मी तसाच उठलो आणि घरात दोन फेऱ्या मारल्या.

१९९० ची एक गंमतही आहे. गुडघ्यातला लिगामेंट तुटला की तो नव्याने बसवतात. तेव्हा ऑपरेशननंतर रुग्णांना फार जपायला सांगत. इंडियानापोलिसच्या डोनाल्ड शेलबर्न या सर्जनच्या लक्षात आलं की त्याचे जे रुग्ण सांगितलेलं ऐकत नव्हते, लवकर पाय टेकत होते, लवकर हलवत होते, तेच जास्त चांगले बरे होत होते! त्याने त्यांना रागावण्याऐवजी त्यांच्याकडून शिकून पद्धत बदलली. असे डॉक्टर मला फार आवडतात.

पण दुसरी बाजू. २०१६ साली त्याच ऑपरेशनच्या रुग्णांवर नॉर्वे आणि अमेरिकेच्या संशोधकांचा अभ्यास आला. खेळात परतायला जितका उशीर, तितका गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका कमी. नऊ महिन्यांपर्यंत दर महिन्यामागे हा धोका सुमारे निम्म्याने उतरत होता. शिवाय दोन्ही मांड्यांची ताकद सारखी झाली की नाही हे बघणंही तितकंच महत्त्वाचं.

म्हणजे बघा, लवकर सुरुवात करा आणि उशिरा परता. ऐकायला उलटसुलट वाटतं, पण नाहीये. व्यायाम लवकर सुरू करायचा, पण "झालो मी पहिल्यासारखा" हे उशिरा म्हणायचं. जिममध्ये माझ्या ओळखीच्या दोघातिघांची गाडी नेमकी इथेच घसरली. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं धरून पहिल्याच दिवशी जुन्या वजनाला हात घातला. दुखणं आधी जातं, ताकद नंतर येते. मधल्या काळात माणसाला वाटतं आपण बरे आहोत, आणि तेवढ्या काळातच तो सगळ्यात जास्त धोक्यात असतो.

मग दुखलं तर काय करायचं? माझ्या फिजिओने सांगितलेला नियम स्वीडनमधल्या रोलँड थोमे यांच्या कामातून आलेला आहे, हे मला नंतर कळलं. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायचे. व्यायाम करताना दोनपर्यंत असेल तर खुशाल करा. पाचपर्यंत चालवून घ्या, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वपदावर आलं पाहिजे. पाचच्या वर गेलं, किंवा सकाळी गुडघा सुजलेला दिसला, तर काल जास्त झालं. वजन उतरवा. व्यायाम बंद नाही करायचा, वजन उतरवायचं. या एका नियमाने माझी निम्मी भीती गेली. दुखणं म्हणजे धोक्याची घंटाच असं नाही, कधीकधी ती नुसती शाळेची घंटा असते.

(मी डॉक्टर नाही. हे वाचून कुणी परस्पर उद्योग करू नयेत. तुमचं हाड जुळलंय की नाही हे एक्स-रे सांगेल, मी नाही.)

* * *

हे सगळं वाचत असताना मला दोन माणसं सारखी आठवत होती.

एक मुरलीकांत पेटकर. आमच्या सांगलीकडचे, पेठ इस्लामपूरचे. लष्करात होते, बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर अधू झालं. उपचार म्हणून पोहायला लागले. १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक, तेही विश्वविक्रमासह. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं, आणि आपल्यापैकी बहुतेकांना त्यांचं नाव कळायला २०२४ चा सिनेमा यावा लागला. या पॅरालिम्पिकची मुळंही युद्धातल्या हॉस्पिटलातच आहेत. इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिलला लुडविग गुटमन या डॉक्टरने १९४४ साली मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला, आणि १९४८ मध्ये लंडन ऑलिम्पिक सुरू झालं त्याच दिवशी १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. शिकागोत डिलॉर्म आणि इंग्लंडमध्ये गुटमन जवळजवळ एकाच वेळी एकच गोष्ट सांगत होते, की वाचलेल्या माणसाला नुसतं जपून ठेवायचं नसतं.

दुसरं माणूस म्हणजे बाबा.

१९८४ साली बाबांना स्कूटरचा अपघात झाला. मांडीचं हाड मोडलं. मी तेव्हा नऊ वर्षांचा. तीन महिने प्लॅस्टर. ते निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता जपा. तेवढंच म्हणाले. बाबा जपले. इतके जपले की पुन्हा कधी मांडी घालून जेवायला बसले नाहीत, आमच्याबरोबर गड चढले नाहीत, आणि ज्या तालमीत ते लग्नाआधी रोज जात होते तिच्यावरून जाताना दुसरीकडे बघायला लागले. घरात कुणी काही जड उचलायला लागलं की आई म्हणायची, "तुम्ही नका, पाय आहे ना तुमचा." 'पाय आहे ना' म्हणजे पाय नाहीये, असा तो अर्थ. माझ्या आठवणीतले बाबा हे कायम कठड्याला धरून जिना उतरणारे बाबा आहेत. तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते. आजच्या माझ्यापेक्षा लहान!

डिलॉर्मचा तो लेख तोवर एकोणचाळीस वर्षं जुना झाला होता. लोखंडी बूट बनवायला कुठल्याही लोहाराला तासभर पुरला असता. पण तो आमच्या घरापर्यंत पोचला नाही. यात मी कुणाला दोष देत नाही. त्या डॉक्टरांनी हाड उत्तम जुळवलं होतं. फक्त पुढचं वाक्य सांगायचं राहून गेलं, आणि आमच्यातल्या कुणी विचारलंही नाही. एका वाक्याअभावी माणसाची पुढची चाळीस वर्षं कशी बदलतात, याचा विचार केला की मला अजूनही कसंतरी होतं.

मग एक शोधनिबंध सापडला. १९९० चा, बॉस्टनचा. मारिया फियातारोने आणि तिच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातली नव्वदीच्या आसपासची दहा माणसं घेतली आणि आठ आठवडे त्यांच्याकडून मांडीचा भारी व्यायाम करून घेतला. अर्थातच मोजून, चढत्या क्रमाने. एक जण मधेच थांबला. उरलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत!

हा लेख मी बाबांना वाचून दाखवला. ते काहीच बोलले नाहीत, पेपर वाचत राहिले. आईने विषय बदलला. मीही सोडून दिलं.

दोन दिवसांनी सकाळी मी हॉलमध्ये घोट्याला पट्टी बांधून बसलो होतो. बाबा आले, समोर जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली, बसले.

"किती म्हणालास ते?"

"दहाचे तीन. पण तुम्ही वजन नाही हं, बाबा. नुसतं खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं. हात न टेकता. आणि आधी डॉक्टरांना विचारू."

"विचारलं काल. हो म्हणाले."

सहा झाले. सातव्याला हात टेकावा लागला. बाबांनी कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने ६ लिहिलं. मी म्हटलं, "हेच आजचं वजन." त्यांना काही कळलं नाही, पण हरकत नाही.

काल तिथे ९ लिहिलेलं होतं. माझ्या मांडीचा फरक चारावरून अडीच सेंटिमीटरवर आलाय. जिमचं कार्ड अजून कपाटातच आहे. घाई नाही.